दुपट्यावरची हळद

रायपुरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घराला एकच दार होतं, आणि दाराशी वनमालाबाईंची खुर्ची. खुर्ची काही नवी नव्हती. भाजी निवडायला तिथे उजेड बरा पडतो म्हणून ती वर्षानुवर्षं तिथेच होती. पण सून बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीला एकदम पोलीस चौकीचा रुबाब आला.

आतली खोली सुनीतीची. एक बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, शेजारी पाळणा, आणि बोळाकडे उघडणारी खिडकी, तीही वारं नको म्हणून अर्धीच. कानाला रुमाल, पायांत मोजे, पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाही, हा घरचा नेम. माहेरी असती तर आईशी भांडून अंगणात दोन फेऱ्या तरी मारल्या असत्या. पण आई जाऊन वर्षं झाली होती, आणि वडील बिलासपूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटे, स्वतःचाच डबा कसाबसा करणारे. म्हणून बाळंतपण सासरी झालं, आणि वनमालाबाईंनी ते असं केलं की पाऱ्यातल्या बायका आपापल्या सुनांना त्यांचं उदाहरण देऊ लागल्या. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, मायलेकींना रोज तेल, ओवा-शेपांची धुरी. कशात म्हणून कसूर नाही.

तीच तर अडचण होती. छळ असता तर वडिलांना फोन लावून रडता आलं असतं. इथे रडायचं तर कशावरून? लाडवात तूप जास्त पडतं म्हणून?

सुनीती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, रसायनशास्त्र घेऊन. पोट दिसायला लागल्यावरही ती नवा रायपुरच्या बसमध्ये उभ्यानं कॉलेजला जात होती. बारसं झालं, लेकीचं नाव गंधाली ठेवलं, घरात तिची लगेच चिमणी झाली, आणि त्याच आठवड्यात रूपाली मॅडमचा फोन आला. मॅडम विभागप्रमुख. बोलणं मोजकं.

"बाळ बरं आहे ना? छान. आता ऐक. तुझा प्रोजेक्ट अर्धा राहिलाय. यंदा विभागाचं प्रदर्शन आहे. मुलांनी केलेली चित्रं, वस्तू, काहीही चालेल, पण रसायनशास्त्रातून सुचलेलं हवं. विषय, 'जे आहे आणि जे होऊ शकतं'. तू एक काम ठेव. बाहेरून परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर कामापाशी उभी राहून उत्तरं दे, मी तोच प्रोजेक्ट धरीन. नाही जमलं तर माझ्या हातात काही नाही, सुनीती. वर्ष जाईल."

तारीख सांगितली. सव्वा महिना पुरा व्हायच्या आधीची.

वनमालाबाई दाराशी मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक जून काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "वर्ष काय पळून जाते का? पुढच्या साली दे. पोट्टी तवर चालायले लागंल."

त्या घरात 'पुढच्या साली' म्हणजे काय ते सुनीतीला ठाऊक होतं. मोठी जाऊ सोनिया भिलाईला असते. तिचं बी.एड. असंच पुढच्या साली, पुढच्या साली करत राहिलं, आणि आता तो विषय निघाला की ती उठून धुतलेली भांडी पुन्हा पुसायला घेते.

संध्याकाळी पुष्कर मंत्रालयातून आला तेव्हा तिनं त्यालाही सांगून पाहिलं. त्यानं चिमणीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि तो बराच वेळ त्या बोटाकडेच पाहत बसला.

"आईला विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"मग तू विचार."

"मी विचारून वेगळं उत्तर येणार आहे का," तो म्हणाला. त्याचंही खरं होतं.

दुपारी जेवणं झाली की वनमालाबाई मंदिरात भजनाला जात. जाताना दाराला बाहेरून कडी लावून घेत. "कुत्रं शिरते," म्हणत, आणि कुत्रं शिरायचंच, एकदा दुधाचं पातेलं पालथं करून गेलं होतं. कडीचा तो खट्ट आवाज झाला की सुनीतीची दुपार सुरू होई. मुलगी दूध पिऊन झोपली तर तासभर, कधी त्याहून कमी.

पहिल्या दुपारी ती नुसतीच बसली. रंग नव्हते, ब्रश नव्हता, आणि मागायची सोय नव्हती. मग ती खोलीभर पाहायला लागली, लॅबमध्ये नवीन माणूस फळ्यांवरच्या बाटल्या वाचतो तशी. मायलेकींच्या अंगाला लावायची हळद, डबाभर. गेलेल्या सासऱ्यांची जुनी धोतरं फाडून केलेली दुपटी, धुवून धुवून सायीसारखी मऊ झालेली. शेगडीची मंद ऊब. आणि सासूच्या औषधांच्या डब्यात, जायफळ-वेखंडाच्या खाली, पुडीत बांधलेला टाकणखार, पुस्तकातला बोरॅक्स. जुन्या बायका तो लाही करून लेकराच्या तोंडाला लावतात. चिमणीच्या तोंडाला लागण्यापेक्षा कापडाला लागलेला बरा, असं म्हणून तिनं ती पुडी उशीखाली सरकवली. या चोरीचं तिला जराही वाईट वाटलं नाही.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो, हे तर धुणं धुणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तो तांबडा टिकत नाही. आंबट लागलं की पुन्हा पिवळा. पण हळदीवर लिंबाचा रस आणि टाकणखार पडला आणि ते उबेनं वाळवलं, की जो लाल उमटतो तो घरी केलेल्या कुंकवाचा लाल. तो पाण्यानं जात नाही. आणि त्या लालावर सोड्याचं पाणी पडलं तर तो आणखी तिसराच होतो, काळपट हिरवा. एकाच कापडात तीन रंग दडलेले. पिवळा जो आहे तो, आणि बाकीचे दोन जे होऊ शकतात ते.

लिंबू तेवढं नव्हतं. बाळंतिणीला आंबट वर्ज्य, त्यामुळे घरात लिंबू यायचंच बंद झालं होतं. एकच होतं, दाराच्या चौकटीवर मिरच्यांबरोबर तारेत ओवून टांगलेलं, चिमणीला दृष्ट लागू नये म्हणून.

श्रावणी भेटायला आली ती फोनवर सांगितलेली लिंबं पर्समध्ये घेऊन. श्रावणी तिच्या वर्गातली, तात्यापाऱ्यातली मराठीच, पण बोलायची हिंदीत.

"आंटी ने पूछा पर्स इतना भारी क्यों है," ती कुजबुजली. "मैंने बोला मेकअप है."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"बोलीं, तरीच." श्रावणीला स्वतःलाच हसू आवरेना. मग तिनं अर्धवट रंगवलेलं कापड पाहिलं आणि ती गप्प झाली. "ये तू लेटे-लेटे बना रही है?"

हळदीत रंगवलेल्या त्या दुपट्यावर हळदीच्या रेणूची आकृती होती, पुस्तकात असते तीच. दोन टोकांना दोन षटकोन, मध्ये लांब साखळी. फक्त सुनीतीनं त्या षटकोनांच्या खोल्या केल्या होत्या. एका खोलीत बाज, शेगडी आणि कानाला रुमाल बांधलेली बाई. दुसऱ्या खोलीत लॅबचं टेबल, बर्नर, आणि खिडकीबाहेर नवा रायपुरचा रुंद, रिकामा रस्ता. मधली साखळी म्हणजे पाळण्याची दोरी. काजळाच्या काडीला कापूस गुंडाळून ती लिंबू-टाकणखारानं रेघ ओढायची, रेघ ओली असेपर्यंत दिसायचीसुद्धा नाही, मग कापड शेगडीवर धरलं की हळूहळू लाल होत वर यायची. ऊन चालत नव्हतं, उन्हानं हळद उडते. त्या बंद खोलीचा या एकाच कामाला उपयोग होता.

रोज थोडं व्हायचं. कधी एक रेघ ओढून होत नाही तोच पाळण्यातून चुळबुळ ऐकू यायची, दूध दाटून यायचं, आणि लाल बोटं घाईघाईनं पुसून तिला लेकीला छातीशी घ्यावं लागायचं. तिचं माथं हुंगताना सुनीतीला वाटायचं, हिच्यासाठी मी काहीही सोडीन. आणि लगेच दुसरं वाटायचं, की तेच तर सगळे धरून चालले आहेत. कडी निघाल्याचा आवाज झाला की कापड पाळण्यातल्या गादीखाली जायचं. तिथे कोण पाहणार?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी कापड पुरं झालं होतं. जायचं कसं ते ठरलं नव्हतं. सुनीती दूध पाजता पाजता तशीच झोपली.

चिमणीनं पाळणा भिजवला. वनमालाबाईंनी तिला उचलून कोरडी केली, सुनेची झोप मोडू नये म्हणून चकार शब्द न काढता गादी उचलली, खालची-वरची सगळी दुपटी गोळा केली आणि मोरीतल्या बादलीत टाकली. बादलीत धुण्याचा सोडा आणि साबण होताच. हळदीचं पिवळं दुपटं त्या घरात काही अप्रूप नव्हतं. त्यांनी हात घालून कपडे दाबले.

सुनीतीला जाग आली ती बाजेच्या पायथ्याशी विटा सरकवल्याच्या आवाजानं. वनमालाबाई तिचे पाय उंच करत होत्या. चेहऱ्यावर रंग नव्हता. हातांवर होता, कोपरापर्यंत तांबडा, आणि तो फरशीवर ठिबकत होता.

"कधीपासून अंगावरून जाऊन राहिलं?" त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की सुनीती घाबरली. "मले सांगितलं काहून नाही?"

"काय, आई?"

"उठू नको. पुष्कर, ऑटो पाहा. मोठ्या दवाखान्यात न्या लागते." मग पुन्हा तिच्याकडे वळून, "गाठी आहेत त्याच्यात. काळ्या."

काळ्या गाठी म्हटल्यावर सुनीतीला उमगलं. लाल रेघा सोड्यात गेल्या होत्या.

"आई, ते रक्त नाही. हळद आहे."

"मले शिकवू नको. हळद पिवळी असते."

"सोड्यानं होते तशी. आई, माझं ऐका, मला काही झालेलं नाही, ते माझं कॉलेजचं..."

"पडून राहा म्हटलं न." त्यांनी तिचे खांदे दाबून धरले. त्या हातांत केवढा जोर होता. दारात पुष्कर मोबाईल कानाला लावून उभा, दुसऱ्या हातात पँट, अर्धवट लुंगीत. "भैया, जल्दी आओ, हव, ब्राह्मणपारा, मंदिर के पीछे," तो सांगत होता.

सुनीतीच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम लख्ख झाल्या. ऑटो आला की आपण दवाखान्यात, तिथून परत बाजेवर, आणि मग सव्वा महिन्याचे तीन महिने. आणि कापड जितका वेळ सोड्यात राहील तितका तो लाल मोडत जाईल, मग लिंबानंही परत यायचा नाही. श्रावणीची लिंबं संपली होती. तिनं सासूचे हात झटकले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि अनवाणी दाराकडे धावली. खुर्ची होतीच तिथे. ती खुर्चीवर चढली आणि चौकटीवरचं लिंबू मिरच्यांसकट ओढून काढलं. तारेनं बोट कापलं. खाली उतरून तिनं लिंबू दातांनी फोडलं.

वनमालाबाई तिच्यामागे आल्या होत्या. तोडलेल्या लिंबाकडे पाहत नुसत्या उभ्या. सुनीतीनं त्यांचा उजवा हात धरला, उलटा केला आणि तळव्यावर लिंबू पिळलं.

तांबडा तळवा पिवळा झाला. रसाचा ओघळ जिथून जिथून मनगटाकडे गेला, तिथून तिथून पिवळा.

"रक्त असं होतं का?" सुनीती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "सांगा ना, आई. होतं का?"

वनमालाबाईंनी तळवा तोंडाशी नेला, वास घेतला. बोटानं चोळून पाहिला. मग मोरीपर्यंत गेल्या आणि तिथल्या लाकडी पाटावर बसल्या. सुनीतीनं मागोमाग जाऊन बादलीतून कापड ओढलं, नळाखाली धरलं. सगळं तांबडं, त्यावर काळपट हिरव्या रेघा, खोल्या, बाज, बाई. उरलेला रस तिनं कापडावर पिळला. एक पट्टा पिवळा झाला, त्यातली बाज लाल झाली. लिंबू संपलं.

"पुष्कर," तिनं मान न वळवता म्हटलं, "लिंबं आण. डझनभर तरी."

सासूसमोर ती त्याला कधी नावानं हाक मारत नसे. त्यानं मोबाईल बंद केला, पँट चढवली आणि मुकाट्यानं कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेला.

कापड बचावलं. रेघा जरा फुटल्या, पाळण्याची दोरी एका जागी पसरली, पण बचावलं. वनमालाबाई पाटावरच बसून ते सगळं होताना पाहत होत्या. शेवटचं लिंबू पिळून झाल्यावर म्हणाल्या, "लटकवलेलं लिंबू तोडलं तू."

"हो."

"माह्या मागं हे चालू होतं. मी भजनाले गेली का."

"हो."

त्या रागावतील, बोलतील, म्हणून सुनीती थांबली. त्या आपल्या तळव्याकडे पाहत होत्या.

"पद्मिनी," त्या म्हणाल्या. "माही धाकटी बहीण. तुले कोणी सांगितली नसंल. तीही अशीच होती, ठणठणीत, एका जागी बसायची नाही. बाळंतीण होती, अन् दिराचं लग्न निघालं. गाव जवळच. सगळे म्हणे, जाऊ द्या, बसून तर जायचं आहे. गेली गाडीत बसून, आली थे मागच्या सीटवर निजवून. मी होती तिथं. माह्या लुगड्याले हात पुसले मी." त्यांनी हात पदराखाली घेतला. "तो रंग कसा असते, थे मले कोणी शिकवू नये."

नळ गळत होता. सुनीतीनं तो घट्ट केला. चूक कुणाची काढायची, हे आता तिला सुचेना. सासूच्या मनात ती वाट अजून संपली नव्हती, आणि त्या गाडीत आता सुनीतीला बसवलेलं होतं.

"आई, उद्या मी तिथे उभी राहिले नाही, तर माझं वर्ष जाईल," ती हळूच म्हणाली. "आणि गेलेलं वर्ष या घरात परत येत नाही. सोनियावहिनींचं आलं का?"

"नाही आलं."

"मग?"

"माहीत आहे मले सगळं," वनमालाबाई म्हणाल्या. "तरी नाही."

दुसऱ्या सकाळी श्रावणी स्कूटी घेऊन आली. सुनीती साडी नेसून तयार होती, कापड घडी करून पिशवीत, सोबत फवाऱ्याच्या दोन बाटल्या, एकीत सोड्याचं पाणी, दुसरीत लिंबाचं, चिमणी न्हाऊमाखू घालून निजवलेली. खुर्चीत वनमालाबाई. दोघींच्या मध्ये ती पाच पावलांची फरशी. श्रावणी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत हेल्मेट हातात फिरवत राहिली.

सुनीती चार पावलं आली. खुर्ची हलली नाही. हात धरून बाजूला करता आलं असतं. काल तिनं तेच हात झटकले होते. पण काल त्या हातांना लागलेलं ते रक्त नव्हतं, हे तिला माहीत होतं. आज ती गेली तर दिवसभर या बाई रक्तच बघत बसणार होत्या. तेवढ्यात पाळण्यात चिमणीनं सूर लावला आणि सुनीतीच्या ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले. ती बाजेवर जाऊन बसली. लेकीला घेतलं. डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कपाट उघडलं. वनमालाबाई बाहेर आल्या त्या लग्नाकार्याला नेसायची मोरपंखी साडी नेसून.

"उभंच राहायचं आहे न कापडापाशी?"

"आणि उत्तरं द्यायची असतात, आई."

"उत्तरं तू फोनवर दे. उभी मी राहते. तुह्या मॅडमले म्हणते, पोट्टी येत होती, मीच येऊ दिली नाही. जे बोलायचं थे मले बोला." त्यांनी पिशवी उचलली. "सोडा कोणता अन् लिंबू कोणतं, थे सांग या पोट्टीले."

"आंटी, नवा रायपुर दूर है. हेलमेट पहनना पड़ेगा."

"दे. अंबाडा दबंल, दबू दे."

उंबऱ्याबाहेर पाय टाकल्यावर त्यांचा हात सवयीनं कडीकडे गेला. तिथे थांबला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि स्कूटीवर, श्रावणीच्या खांद्याला घट्ट धरून, एका बाजूनं बसल्या. दार उघडंच राहिलं.

सुनीती चिमणीला खांद्यावर घेऊन उंबरठ्यापाशी आली. बोळ रिकामा होता. एक सायकलवाला गेला, त्यानं पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यावर ऑटो मिळतो. लेकीला गुंडाळलं, पर्स घेतली, की झालं. त्यांच्या मागोमाग पोचता येईल, पुष्कर कामावर गेलेला, अडवायला आज कुणी नाही. तिनं खरोखरच विचार केला. पायाचा अंगठा उंबरठ्याच्या लाकडाला टेकला होता. कडी असताना निदान ती मनातल्या मनात रोज ढकलता यायची. आता ढकलायला काही नव्हतं, आणि तिचा पाय पुढे पडत नव्हता.

ती खुर्चीत बसली. या खुर्चीत ती आजवर बसली नव्हती. भाजी निवडताना सासूला बोळ दिसत असेल, येणारं-जाणारं दिसत असेल, असंच ती समजत आली होती. पण खुर्चीची पाठ बोळाकडे होती. तिथून समोर, सरळ रेषेत, बाज दिसत होती. उशी, आणि उशीवर माणूस असेल तर त्याची छाती वर-खाली होते की नाही, तेवढं नेमकं.

मोबाईल वाजला. पडद्यावर श्रावणीचा चेहरा, मागे गलका. "सुन, आंटी किसी को टेबल के पास आने ही नहीं दे रहीं. एक लड़के को बोला, हात धुतले का."

मग कापड दिसलं. पांढऱ्या भिंतीवर, वरून दिवा सोडलेला. बाजेवर बसून केलेलं ते दुपटं, तिथे केवढं मोठं दिसत होतं. त्याच्या शेजारी मोरपंखी साडी, चपटा झालेला अंबाडा, आणि हातात फवाऱ्याची बाटली अशी धरलेली की जणू कुणाच्या अंगावर मारायची आहे. परीक्षक आले, पिकलेल्या केसांचे, हिंदी बोलणारे. वनमालाबाईंनी आधी लिंबाचाच फवारा मारला. पिवळ्यावर काय होणार? काही झालं नाही. त्या बावरल्या.

"आई, दुसरी बाटली," सुनीती फोनमधून म्हणाली.

दुसरी बाटली. कापड तांबडं झालं, रेघा काळवंडल्या, आणि त्या छोट्याशा पडद्यातही सुनीतीला दिसलं की सासूनं बाटली खाली ठेवून हात पदराखाली घेतला. परीक्षक पुढे वाकले. विचारत गेले, सुनीती सांगत गेली. टाकणखार काय करतो, दोन रेणूंच्या मध्ये बसून त्यांना कसा धरून ठेवतो, ऊब का लागते, ऊन का चालत नाही. मांडीवर चिमणी, कानाला रुमाल. रुमाल काढायचा राहून गेला हे तिला फार उशिरा आठवलं.

"तो फिर 'हो सकता है' में आपका क्या है?" त्यांनी शेवटी विचारलं.

तिला तयारी केलेलं उत्तर आठवेना. "सर, हे लाल आहे ना, सोड्यात ते काळं पडतं, पण मरत नाही. आंबट मिळालं की परत येतं. फक्त फार वेळ तसंच ठेवलं तर मात्र मोडतं. मग नाही येत." मग लक्षात येऊन तेच तिनं हिंदीत सांगितलं.

"कितनी देर में?"

"वो नापने के लिए लॅब में आना पड़ेगा, सर."

ते हसले नाहीत. काहीतरी टिपून घेतलं. वनमालाबाईंनी कुणी न सांगता लिंबाची बाटली उचलली आणि कापडावर मारत राहिल्या, खोल्या, बाज, रस्ता, सगळं पिवळं-लाल होऊन परत येईपर्यंत.

थोड्या वेळानं मॅडम फोनवर आल्या. "प्रोजेक्ट धरला त्यांनी. मी नसता धरला, खरं सांगते, पण तुझ्या सासूबाईंपुढे मला बोलताच येईना." मग त्यांचा नेहमीचा आवाज. "प्रॅक्टिकल्स पुढच्या महिन्यापासून. रोज. ती फोनवर होत नाहीत, सुनीती."

ऊन बोळातून निघून गेलं तेव्हा स्कूटी परत आली. वनमालाबाईंनी हेल्मेट काढून श्रावणीला दिलं, आत आल्या, पिशवी बाजेवर ठेवली. आधी चिमणीच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग सुनेच्या. मग खुर्चीत बसल्या.

"रोज जा लागते म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् पोट्टी?"

सुनीतीनं चिमणीचं दुपटं नीट केलं. वनमालाबाई आपल्या तळव्याच्या रेघांतली हळद नखानं काढत होत्या. निघत नव्हती.

"सव्वा महिना तं होऊ दे," त्या म्हणाल्या. "मंग पाहू."

"मग नाही, आई. आत्ता पाहू."

त्यांनी वर पाहिलं. बोळात कुणीतरी शटर ओढलं.

"दार लाव आधी," त्या म्हणाल्या. "वारं येते."

सुनीतीनं दार लावलं, आतून कडी घातली, आणि स्टूल ओढून खुर्चीच्या समोर बसली.